पापॉच्या बावीसची नळी

हॉबर्ट नोबल खारीला गोळी मारतच नसे. फांदीवर चिकटून बसलेल्या खारीच्या पोटाखालची साल तो फोडायचा. सालीचा टवका उडायचा, त्या हादऱ्यानेच खार गतप्राण होऊन खाली पडायची आणि तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नसायचा. हे जमणारा सगळ्या खोऱ्यात आता तो एकटाच उरला होता. एवढा खटाटोप कशासाठी, तर त्याच्या बायकोला, लॉटीला, रश्श्यातलं खारीचं डोकं आवडायचं म्हणून. चमच्याने टक्कन फोडून ती आतला मेंदू मिटक्या मारत खायची. डॉक्टर नको म्हणाला, तर तिने त्यालाच जेवायला बोलावलं.

यंदा मात्र लॉटी अंथरुणाला खिळली होती. अन्नावरची वासनाच उडालेली. ऑगस्टमध्ये शिकारीचा हंगाम उघडला की एक डोकं आणून दे, एवढंच तिने नवऱ्याकडे मागितलं होतं.

आता त्यांचा जावई डेन्व्हर. सासऱ्याला तो पापॉ म्हणायचा. माणूस वाईट नाही, पण हातात पाना आला की ह्याला राहवत नाही. चांगला चालू पंप खोलून ठेवील आणि वर विचारील, आवाज येत होता ना? हॉबर्टची बोटं आखडली, तेव्हापासून त्याची रायफल साफ करणं आणि मॅगझिनमध्ये गोळ्या भरून देणं डेन्व्हरकडे आलं होतं. रायफल बावीसची, म्हणजे पॉइंट बावीस इंच व्यासाच्या नळीची, चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढणारी. ह्या वेळी ती साफ करायला आली आणि डेन्व्हरच्या डोक्यात किडा वळवळला. तिला त्याने सतराची नळी बसवली. सतराची गोळी बारीक, हलकी, पण सुसाट आणि सरळ जाणारी. म्हाताऱ्याची नजर अधू झालीय, लांबचा नेम सोपा होईल, असा त्याचा विचार. मॅगझिन तेच चालत होतं. फक्त गोळी चढवायची बाजूची कडी जड बसवावी लागली. पहिली शिकार झाली की सांगू, पापॉ खूश होतील, म्हणून तो गप्प राहिला.

“कडी जड लागतेय रे,” हॉबर्ट म्हणाला होता.

जुनी झिजली होती, नवी टाकली, असं डेन्व्हरने ठोकून दिलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी दोघं हिकरीच्या झाडाखाली बसले. वर खारी त्याची अक्रोडासारखी फळं कुरतडत होत्या. हॉबर्टने नेहमीसारखा सालीवर नेम धरला. सालीची धूळ उडाली आणि खार टुणकन उडी मारून पळाली. दुसरी पळाली. तिसरीही. आपलाच नेम बोटभर हुकतोय असं वाटून म्हाताऱ्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि चौथीही गेली. तेव्हा कुठे डेन्व्हरच्या डोक्यात प्रकाश पडला. ती चिमुकली गोळी सालीवर आपटून तिथल्या तिथे भुगा होत होती. हादरा बसणार कुठून? घरी गेल्यावर सांगू, असं तो मनाशी म्हणाला. माणूस असं म्हणाला की समजावं, आता हा काही सांगत नाही.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून हॉबर्टने शेवटी सरळ खारीवरच नेम धरला. नेम चुकला नाही. पण त्या सुसाट गोळीपुढे डोकं असं उरलंच नाही.

संध्याकाळी डेन्व्हरच्या बायकोने रस्सा केला. लॉटीला उशा लावून टेबलाशी बसवली. तिने चमचा ताटात फिरवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“लॉटी, माझे डोळे गेले,” हॉबर्ट सगळ्यांसमोर म्हणाला. “तुझं डोकं मला नाही आणता आलं.”

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि ती रडायला लागली. डेन्व्हर खाली मान घालून जेवत राहिला. हात थांबला तर कोणी काही विचारील, म्हणून त्याने पावाशी खायला आणखी रस्साही मागून घेतला. तोही संपवला.

दुसऱ्या दिवशी हॉबर्टने रायफल त्याच्याकडे आणून ठेवली. तुला घे, म्हणाला. चर्चमध्ये, दुकानात, ज्याला त्याला तो स्वतःहून सांगत सुटला की आपलं संपलं. ते ऐकून डेन्व्हरला स्वतःची लाज वाटे, इतकी की दुकानात जाणंच त्याने सोडलं. जुनी नळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून गोठ्यात ठेवलेली होती. ती त्याने परत बसवली, कडीही जुनीच लावली. न बोलता रायफल हातात द्यावी, म्हाताऱ्याने एकदा नेम धरावा आणि सगळं मिटावं, असा त्याचा बेत होता. भित्र्या माणसाचे बेत हे असेच असतात.

हॉबर्ट पडवीत बसून शेंगांच्या शिरा काढत होता. रायफल एकदा चालवून बघा, म्हणून डेन्व्हरने परोपरीने विनवलं. म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

“पोरा, डोळे गेले म्हणून लॉटीला एकदा सांगितलंय मी. पुन्हा सांगायची ताकद नाही माझ्यात.”

डेन्व्हरला तिथे उभं राहवेना.

“पापॉ, तुमचे डोळे गेलेले नाहीत. मी नळी बदलली होती. सतराची बसवली होती. तुम्हाला खूश करायचं होतं.”

हॉबर्टने हातातली शेंग मोडली, टोपलीत टाकली.

“जेवायला बसलो तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“ती रडली तेव्हा?”

“हो.”

“आणि तू वर रस्सा मागून घेतलास.”

धरणीने पोटात घेतलं असतं तर डेन्व्हरला हवं होतं. म्हाताऱ्याने टोपली बाजूला ठेवली आणि रायफल मागून घेतली. डेन्व्हरने सवयीने बावीसच्या गोळ्यांची पेटी उघडली आणि मॅगझिन भरायला घेतलं.

“ते दे इकडे.”

आखडलेल्या बोटांनी हॉबर्ट एकेक गोळी दाबू लागला. एक निसटून खुर्चीखाली घरंगळली. डेन्व्हर वाकला.

“राहू दे. मी घेईन.”

गुडघा धरून तो स्वतःच वाकला, चाचपून ती उचलली आणि पुन्हा दाबायला बसला. डेन्व्हर रिकामे हात घेऊन समोर उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

कोण आलंय, म्हणून आतून लॉटीने विचारलं.

“डेन्व्हर आहे,” हॉबर्ट म्हणाला. “निघालाय तो.”