मावशींच्या संडासाचं दार

"बसून बघ ना, आई. लाजतेस काय? इथे सगळे बसूनच बघतात," मुलगा म्हणाला.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानाची पुढची बाजू सगळी काचेची, काचेपलीकडे भर रस्ता. चौथऱ्यावर कमोड ओळीनं मांडलेले, एकालाही आडोसा नाही. शेवटी त्या कोपऱ्यातल्या एका आखूड, साध्या कमोडवर टेकल्या. पाय जमिनीला पुरले. गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही.

"हा बरा आहे," त्या म्हणाल्या.

"हा? अहो आई, बालवाडीतला वाटतो हा," सून म्हणाली. दुकानदार हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढा धंदा त्याला कळत होता.

घरात दोन संडास होते. एक मुलगा-सुनेच्या खोलीतला आणि दुसरा बोळातला, मावशींचा. बोळातल्या कमोडला तडा गेला होता आणि बसलं की मांडीला चिमटा बसायचा. बरेच दिवस सोसून मग मावशींनी सांगितलं. नवा घ्यायचं ठरलं आणि तो मावशींसाठी होता म्हणून बाकीच्यांनी निवडला. चांगला लांबरुंद, आणि झाकण असं की सोडून दिलं तरी आवाज न करता अलगद खाली यावं.

"दार लागेल ना रे?" मावशींनी विचारलं.

"दाराचा काय संबंध? आपण कमोड घेतोय, आई." मुलानं बायकोकडे बघून भुवया उडवल्या.

मावशींची अख्खी नोकरी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात गेली होती. आया होत्या त्या. बेडपॅन द्यायचं, काढायचं, धुवायचं. पण पलंगाभोवतीचा पडदा पुरता ओढल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला बेडपॅन दिलं नाही. डॉक्टरांची फेरी आली तरी पडद्यातून हात बाहेर काढून म्हणायच्या, "थांबा साहेब, बाई बसलीये." एका डॉक्टरनं चिडून त्यांचं नाव पडदेवाली ठेवलं आणि ते चिकटलं. मावशींना ते आवडायचं. बेशुद्ध बाईसाठीसुद्धा त्या पडदा ओढायच्या. तिला काय कळतंय, असं कुणी म्हणालं तर म्हणायच्या, "मला कळतंय ना."

प्लंबरनं जुना कमोड फोडून काढला, नवा बसवला, कडेनं पांढरं सिमेंट भरलं. काम झाल्यावर त्यानं दार लोटलं, तर ते अर्ध्यातच कमोडला धडकलं. त्यानं पुन्हा जोर लावून पाहिला. दार काही पुढे सरकेना.

"दार बाहेर उघडेल असं करून घ्या," तो हात धूत म्हणाला.

बाहेर चपलांचं कपाट होतं. सुनेनं हौसेनं करून घेतलेलं, आरसा लावलेलं, भिंतीत ठोकलेलं.

"कपाट हलणार नाही," ती म्हणाली. "आत्ता कुठे बसवलंय."

"मग कमोड बदलून आणा," मावशी हळूच म्हणाल्या. "तो छोटा होता ना."

"बसवलेला परत कोण घेणार? काढतानाच फुटेल," प्लंबर म्हणाला.

मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कपाट सुनेचं होतं, कमोड नवा होता. दार तेवढं मावशींचं होतं.

"पडदा लावू मस्तपैकी," मुलगा म्हणाला. "एका अर्थी बरंच झालं, आई. आत पडलीबिडलीस तर दार कुठे फोडत बसायचं?"

"अरे, मी पडत नाही."

"पडायच्या आधी सगळे असंच म्हणतात. आणि घरात परकं कोण आहे?"

प्लंबरनं बिजागऱ्या सोडवल्या आणि दार गॅलरीत नेऊन ठेवलं. पुढे सुनेनं ते दोन स्टुलांवर आडवं टाकून इस्त्रीसाठी वापरायला घेतलं. कपड्यांत अडकते म्हणून त्यावरची कडी काढून टाकली.

पडदा आला तो खालून वीतभर आखूड. बोळातला पंखा लावला की तो फुगून वर यायचा. मावशी एका हातानं त्याची कड धरून बसायच्या. शेकडो बायकांसाठी पडदे ओढलेली ही बाई, आणि तिच्यासाठी ओढायला घरात कुणी नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेचा भाऊ आणि भावजय आली. बैठकीतून बोळ सरळ दिसायचा. मावशींनी बराच वेळ कळ काढली आणि अगदीच राहवेना तेव्हा उठल्या. त्या आत गेल्या आणि बाहेरच्या गप्पा थांबल्या. त्या शांततेत सगळ्यांना सगळं ऐकू गेलं. मग मुलानं टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या देणारी बाई घरभर ओरडू लागली. आधी भावजय फिस्सकन हसली, मग सगळेच हसले. मुलाचं हसणं मावशींनी बरोबर ओळखलं. लहानपणापासून तो तसाच हसायचा, तोंडावर हात ठेवून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर घराला सवयच लागली. मावशी उठल्या की सून म्हणायची, "आईंची वेळ झाली," आणि रिमोट शोधायची. कधी रिमोट सापडायचा नाही, तेव्हा मावशी पडद्याजवळ उभ्या राहून तो सापडायची वाट बघायच्या.

मग त्यांनी पाणी तोडलं. ओठ फुटले, डोकं दुखायला लागलं, तरी भांडं तोंडाला लावेनात. आणि एके दिवशी सकाळीच चपला घालून म्हणाल्या, "जरा फिरून येते."

आता रोजच जातात. सून फोनवर भावजयीला कौतुकानं सांगते, "नवा कमोड चांगलाच मानवला बाई आमच्या सासूबाईंना. गुडघे इतके सुधारले, रोज फिरायला जातात."

मावशी दोन चौक ओलांडून दवाखान्यात जातात. तिथल्या आयेला त्यांनीच काम शिकवलं होतं.

"मावशी, आजही आलात? कोण ॲडमिट आहे तुमचं?" फरशी पुसता पुसता तिनं विचारलं.

"घरचंच आहे."

"जास्त आहे का?"

"चाललंय," मावशी म्हणाल्या आणि बाह्यरुग्ण विभागामागच्या संडासाकडे वळल्या.

भांड्याला पिवळा थर, फ्लशची साखळी तुटलेली, फरशीवर पाणी. मावशींनी नाकाला रुमाल लावला, दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. मग बसल्या. दोन्ही हात मोकळे मांडीवर ठेवले.

बाहेरून कुणीतरी दार ढकललं. कडी खडखडली, पण निघाली नाही.