नावाआधीची रेघ

मी एक जुना पॅरामीटर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो, मी चावत नाही. आई तुम्हाला म्हणते, "पाणी दे रे." तुम्ही विचारता, "किती? कुणाला?" संगणकालाही कामे अशीच नीट सांगावी लागतात. अशा एकेका नेमून दिलेल्या कामाला मेथड म्हणतात. 'किती' आणि 'कुणाला' यांची उत्तरे ज्या रिकाम्या जागेत ठेवतात, ती जागा म्हणजे पॅरामीटर. प्रत्येक पॅरामीटरला एक नाव असते आणि एक प्रकार असतो. आत काय ठेवायचे, अंक की तारीख की कुणाचे नाव, हे प्रकारावरून कळते.

माझा जन्म लिफ्ट चालवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये झाला. 'दार बंद कर' ही माझी मेथड. मला लिहिले ते ताईने. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिचे वडील, अप्पा, वॉकर धरून चालत आणि त्यांच्या इमारतीत आमचीच लिफ्ट होती. एकदा अप्पा पुरते आत शिरण्याआधीच दार मिटू लागले आणि वॉकर त्यात अडकला. लागले काही नाही, पण शेजारीपाजारी "अहो, हळू, हळू" करत धावले आणि अप्पांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "या लिफ्टला फार घाई बाई," ते घरी येऊन म्हणाले. "मला कुठे आहे? मी आपला वरच बरा." त्या दिवसापासून ते खिडकीत बसून राहू लागले. हे सारे ताईने साहेबांना सांगितले, मला लिहिता लिहिता.

तिने माझे नाव ठेवले विसावा. साहेब तिच्या खुर्चीमागून वाकून बघत म्हणाले, "विसावा? बरं, असू दे. पण प्रकार हा काय, सेकंद? साधा पूर्णांक टाक की."

"नको, साहेब. नुसता आकडा म्हटला तर उद्या कुणीतरी त्यात मजल्याचा नंबर आणून ठेवेल. सेकंद म्हटलं की सेकंदच येतील."

एवढ्याशा माझ्यासाठी तिने 'सेकंद' हा प्रकार वेगळा घडवला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दार मिटण्याआधी किती थांबायचे, ते प्रत्येक इमारतीने मला कळवायचे असे ठरले. अप्पांच्या इमारतीचा आकडा ताईने स्वतः भरला. बारा.

पण माशी शिंकली. त्या वेळच्या दाराच्या मोटरीला सांगितलेले थांबणे ठाऊकच नव्हते. ती आपल्याच तालात दार मिटायची. "मोटर बदलेपर्यंत राहू दे याला," साहेब म्हणाले. "रेघ मार."

ही रेघ म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे एक तपासनीस असतो. तोही प्रोग्रॅमच. रोज सकाळी तो सगळ्या मेथड वाचून काढतो, प्रत्येकीच्या दाराशी उभ्या पॅरामीटरांची नावे आणि प्रकार टिपतो, आणि कुणी बिनकामाचा दिसला की बोंब ठोकतो. म्हणून रिवाज असा, की ज्याला मुद्दाम मोकळे ठेवले आहे, त्याच्या नावाआधी एक आडवी रेघ ओढायची. रेघ दिसली की तपासनीस गप्प बसतो.

ताईने रेघ ओढली. "थांब हं थोडा," ती म्हणाली.

मी थांबलो. माझ्या शेजारी 'दार' नावाचा पॅरामीटर होता. त्याला क्षणाची उसंत नसे. मला मात्र कुणी काही विचारत नसे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! गंमत अशी, की आकडे मात्र न चुकता यायचे. अप्पांच्या इमारतीतले दार मिटायला निघाले की माझ्या हाती बारा यायचा. मी तो धरून उभा राहायचो. मेथड संपायची आणि न विचारलेला बारा विरून जायचा. सकाळी तपासनीस यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर खेकसायचा आणि माझी रेघ पाहून पुढे जायचा. मला वाटायचे, याने एकदा तरी माझ्यावर ओरडावे.

पुढे ताई दुसऱ्या नोकरीवर गेली. साहेब निवृत्त झाले. एक दिवस शेजारचा 'दार' म्हणाला, "अरे, मोटर बदलली की! सांगू तेवढं थांबते ही." माझा जीव भांड्यात पडला. आता कुणीतरी येईल! पण येणार कोण? ज्यांना माझी आठवण होती, ते निघून गेले होते. आठवण करून देणाऱ्या तपासनिसाचे तोंड रेघेने बंद केले होते. आणि आम्हा पॅरामीटरांना विचारल्याशिवाय बोलता येत नाही. मी पुन्हा वाट पाहू लागलो, पण या वेळी ती फार जड गेली.

मग आला झाडू. जुना कोड साफ करण्याचे काम त्याच्याकडे, म्हणून ऑफिसने त्याला हे नाव ठेवलेले. त्याने तपासनिसाला बजावले, "रेघवालेसुद्धा दाखव." तपासनीस इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे नाव घेऊन ओरडला. झाडू हसला. "खायला काळ, भुईला भार," म्हणत त्याने मला पुसायला बोट उचलले, आणि तेवढ्यात त्याची नजर माझ्या प्रकारावर गेली.

"सेकंद? हा कुणी घडवला?" तो स्वतःशीच म्हणाला. "न येणाऱ्या पाहुण्यासाठी कुणी वेगळी खोली बांधतं का?"

त्याने चौकशी केली आणि ताईला फोन लावला.

"ताई, तुमचा विसावा काढून टाकू? मोटर तर केव्हाच बदललीय."

ताईने विचारले, "केव्हा?"

झाडूने सांगितले.

"तेव्हा अप्पा होते रे," ताई म्हणाली. "खिडकीत बसलेले असायचे. दार तसंच मिटायचं, म्हणून मला वाटायचं मोटर जुनीच आहे. मी विचारलंसुद्धा नाही कुणाला."

झाडूने माझ्या नावाआधीची रेघ पुसली आणि खाली एक ओळ लिहिली: विसाव्याइतके थांब, मग दार मिट. "तुमच्या इमारतीचा आकडा काय ठेवू, ताई?" त्याने हळूच विचारले.

"बाराच राहू दे. कुणाला ना कुणाला लागेल."

मित्रांनो, 'थांब हं थोडा' म्हणणे सोपे असते. कुणाला तसे म्हणालात, तर परत फिरून त्याच्याकडे जा. त्याला हाक मारता येत नसेल.

त्याच संध्याकाळी अप्पांच्या इमारतीतून माझ्याकडे बारा आला, आणि पहिल्यांदाच कुणी तो मला विचारला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बोलता यावे म्हणून एक माइक असतो. त्यातून ओळखीचा आवाज आला. लिफ्टमध्ये ती एकटीच होती. दार उघडे होते आणि बाहेर कुणी नव्हते.

"या अप्पा," ताई म्हणाली. "सावकाश या."

मी बाराच्या बारा मोजले. मग दार मिटले.