लशीची म्हैस

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. दूध आटून काळ लोटला, एक शिंगही मोडले आहे. माझ्या पोटाखाली वाकून पाहिलेत तर केस न उगवलेले पांढुरके वण दिसतील. ते पाहून कोणी नाक मुरडले तर मुरडू दे. त्या वणांची मला लाज नाही.

माझा जन्म बुलढाण्याजवळच्या धाडचा. तेव्हा वऱ्हाड नुकताच मध्यप्रांताला जोडला गेला होता आणि सरकारी हुकूम नागपूरहून येऊ लागले होते. माझी मालकीण मंजुळाबाई. आठवडी बाजारात दूध-लोणी विकून ती आपले आणि पोरक्या नातीचे, यमुनाचे, पोट भरी. मंजुळाबाईच्या चेहऱ्यावर देवीचे खोल खड्डे होते आणि डावा डोळा लहानपणीच गेलेला. मी तेव्हा अंगाने गुटगुटीत वगार, म्हशीचे पोर, होते. ती मला न्हाऊ घाली, कानामागे खाजवी. माझे बालपण सुखाचे गेले.

एका उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यांत देवीची साथ सुरू झाली. लेकरे दगावू लागली. तेव्हा तट्टावर बसून अब्दुल गनी आले. ते सरकारी टोचणीवाले. त्यांना एक निरोगी वगार हवी होती. गावात कोणी दिली नाही. फिरत फिरत ते आमच्या गोठ्याशी थांबले.

"वगारीच्या पोटावर लस धरतो," ते म्हणाले. "आठ दिवसांत फोड भरतात. त्यातली लस लेकरांच्या दंडाले टोचतो."

"लस?" मंजुळाबाई चपापली. "फोड फुटला का गयते, ते पानी?"

"हाव, शब्द तोच हाये. पन हे पानी घान नाई, बाई. जनावराले देवी येते ती हलकी. तिची लस लेकराच्या अंगात गेली का अंग सावध होते. मंग मोठी देवी आली तरी तिचं काई चालत नाई."

"अन् माही वगार मरन?"

"नाई मरत. दुखन मात्र. खोटं काऊन सांगू?"

मंजुळाबाई बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने दावे सोडून त्यांच्या हाती दिले.

मित्रांनो, दुखले. माझे पाय बांधून मला आडवे केले, पोटावरचे केस भादरले आणि सुरीने बारीक ओरखडे काढून त्यांत गनीभाईंनी बरोबर आणलेली लस भरली. काही दिवसांत पोट तापले, फोड टरारले. मला धड बसता येईना. मंजुळाबाई माझ्या तोंडाशी हिरवा चारा धरी आणि आपल्या एका डोळ्याने रडे.

गावात मात्र एकच बोलणे चालले होते. ही वगार बाटली, हिच्या पोटात रोग आहे, ही गावावर कोप आणणार. पोरे मला लांबूनच दगड मारू लागली आणि ओरडू लागली, "लशीची! लशीची!" औषधाचा शब्द त्यांनी शिवी करून टाकला.

लस काढायचा दिवस उजाडला तसे गावचे पाटील अर्जुनराव चार माणसे घेऊन गोठ्यात आले. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे होते. वाईट माणूस नव्हता तो. घाबरला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती सत्ता असली की काय होते, ते मी पाहिले आहे.

"सोडा तिचं दावं," ते म्हणाले. "जनावराचा पू लेकरायच्या रक्तात घालता? देवी कोपली तं कोनाच्या दारात जाचं?"

मंजुळाबाई आडवी आली. "पाटील, माह्या तोंडाकडं पाहा. मले देवी आल्या तवा कोनी लस आनली नव्हती. डोया गेला, पाठचे दोन भाऊ गेले. देवीले मी आजबी हात जोडतो. पन नात तिच्या हवाली करनार नाई."

"वगार गावाबाहेर जाईन."

"मंग मले तुडवून न्या."

दोघांनी माझे दावे धरून ओढले. माझे पोट ठणकत होते, पण मी चारही पाय जमिनीत रोवले आणि मान खाली घातली. दाव्याने गळा आवळला, तरी मी पाऊल उचलले नाही. माझ्या पोटावर जे होते ते मला समजत नव्हते. मंजुळाबाई ज्यासाठी उभी आहे त्यासाठी आपणही उभे राहायचे, एवढेच मला समजत होते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. पाटलीण सत्यभामाबाई भर उन्हात चालत आल्या होत्या. कडेवर धाकटा मुलगा. पाटलाच्या घरची बाई अशी चारचौघांत कधी कोणी पाहिली नव्हती.

"गनीभाई, याले टोचा."

"घरी चाल," अर्जुनराव गरजले.

"टोचल्यावर येतो."

माणसांच्या हातून दावे गळून पडले. गनीभाईंनी माझ्या पोटावरची लस काढली. पहिला दंड यमुनाचा, दुसरा पाटलाच्या धाकट्याचा. मग एकेक आई पुढे येऊ लागली. थोरला मुलगा इंद्रभान तेवढा राहिला. त्याला पाटलांनी सकाळीच दूर मळ्यात नेऊन ठेवले होते, टोचणीपासून वाचवायला.

साथ पुढच्या महिन्यात धाडला आली. टोचलेली लेकरे अंगणात खेळत राहिली. इंद्रभानला मळ्यात देवी आल्या. तो जगला, पण त्याचे दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर अर्जुनरावांनी आमच्याविरुद्ध कधी शब्द काढला नाही. आमच्या बाजूनेही काढला नाही. मी मोठी झाले, व्याले, पण माझे दूध कोणी घेईना. पिणाऱ्याला फोड येतात, अशी आवई उठली होती. गोठ्यात माझ्या पोटाला झूल बांधून वण झाकावेत, असे शेजारणीने सुचवले. मंजुळाबाईने ऐकले नाही. ती मला घेऊन थेट बाजारात गेली आणि खड्या आवाजात ओरडू लागली, "घ्या हो, लशीच्या म्हशीचं दूध! गावची लेकरं जिनं राखली, तिचं दूध घ्या!" आधी लोक हसले. मग ज्यांची लेकरे वाचली होती त्या बाया लोटे घेऊन आल्या.

त्याच वर्षी गनीभाई पुन्हा आले. आता दाढी पिकली होती. माझ्याजवळ माझी वगार बांधलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले मात्र, मी शिंगे रोखून मध्ये उभी राहिले. लस चांगली असते हे मला ठाऊक होते. सुरी कशी लागते, हेही ठाऊक होते.

मंजुळाबाईने माझ्या कपाळावर हात ठेवला. "हिनं एक डाव देलं, गनीभाई. लस साऱ्या गावाले पाह्यजे, मंग दुखनं माह्याच गोठ्याचं काऊन? आता बाकीच्यायनं द्या."

जमलेली माणसे एकेक करून मागे सरकू लागली. गनीभाई तट्टाचा लगाम धरून थांबले.

थोड्या वेळाने पाटलांच्या वाड्याकडून सत्यभामाबाई आल्या. त्यांच्या हातात दावे होते आणि मागे त्यांची काळीभोर वगार. वगारीच्या पाठीवर हात ठेवून, तिच्या चालीने पाऊल टाकत, इंद्रभान येत होता. अर्जुनराव वाड्याच्या दारात उभे होते. त्यांनी अडवले नाही.

"घ्या," इंद्रभान म्हणाला. "माह्या घरची हाये. नीट सांभाया तिले."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या दंडाला टोचले की रडा खुशाल, पण दंड मागे घेऊ नका. ज्या मुक्या जिवाने तुमच्यासाठी सोसले त्याला बाटलेला म्हणू नका. आणि एकाने दिले म्हणून पुन्हा त्याच्याच दाराशी जाऊ नका. आपल्या गोठ्यात पाहा.

ती काळी वगार त्या दिवशी माझ्याशेजारी बांधली. ती थरथरत होती. मी तिला चाटत उभी राहिले.