अळणी भात

अमेरिकेत विचितामध्ये शिकणाऱ्या नेपाळी पोरांत टंक घिमिरेचा स्वयंपाक प्रसिद्ध होता. बिचारा पीएचडीच्या पाचव्या वर्षात अडकला होता, प्रयोगशाळेतलं यंत्र त्याला काही केल्या धड आकडे देत नव्हतं, पण मोहरीच्या तेलात मेथीदाणे काळे करून केलेली त्याची बटाट्याची भाजी खायला लोक वीस-वीस मैलांवरून गाडी हाकत यायचे. "दाई, डिग्री सोड आणि हॉटेल काढ," असं ऋषिराम त्याला दर शनिवारी सांगायचा आणि तिसऱ्यांदा भात घ्यायचा. ऋषिराम पौडेल त्याच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून त्याला दाई, म्हणजे दादा, म्हणायचा. दोघं दोन वर्षं एका घरात राहत होते. करार साधा होता: टंकने शिजवायचं, ऋषीने भांडी घासायची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी टंक कांदा चिरत असताना गोमा दिदीचा फोन आला. ऋषीची थोरली बहीण. ऋषीला सोडून ही आपल्याला कशाला फोन करतेय, असं त्याच्या मनात आलं.

"ऋषी जवळ आहे?"

"नाही दिदी, झोपलाय. वाचत बसतो उशिरापर्यंत."

"बुबा गेले रे."

पहाटे वडील म्हशीसाठी गवत कापायला गेले होते. बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. दुपारी काली गंडकीच्या काठी सगळं उरकलं. एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार, म्हणून पुतण्याने अग्नी दिला. दिदीने हे सगळं न रडता, यादी वाचल्यासारखं सांगितलं. मग म्हणाली, "शुक्रवारी त्याची परीक्षा आहे ना, ती शेवटची?"

होती. पीएचडीत पुढे जाऊ द्यायचं की नाही ते ठरवणारी परीक्षा. वसंतात तो एकदा नापास झाला होता आणि ही दुसरी संधी, तिसरी कुणालाच देत नाहीत. ही गेली की विभागातून नाव कमी, नाव कमी झालं की व्हिसा संपला, आणि तीन वर्षांची मेहनत बॅगेत भरून नेपाळात, स्यांजाला परत.

"आज कळलं तर तो पुस्तकं मिटून बसेल. तुला माहीत आहे तो कसा आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत गप्प राहा, भाई. पेपर झाला की माझं मी सांगते. शिव्या खायच्या त्या मी खाईन."

"पण दिदी, सुतक..."

"पुरोहितबाजेंना विचारलंय. परदेशात असलेल्याच्या कानी पडलं नाही तोवर त्याला सुतक नाही. त्याने काही खाल्लं तरी दोष नाही."

टंक हो म्हणाला. बापाचं प्रेत नुकतंच जाळून आलेल्या बाईला कोण नाही म्हणणार? फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाजेंनी मोकळं केलं होतं ते ऋषीला. टंकच्या कानी तर पडलं होतं, आणि ऋषीच्या ताटात वाढणारा हात त्याचाच होता.

त्याचा स्वतःचा बाप तो चौदा वर्षांचा असताना गेला. डोकं भादरून, बिनशिवलेलं पांढरं धोतर गुंडाळून तो तेरा दिवस कोपऱ्यात बसला होता. कुणी शिवायचं नाही. दिवसातून एकदा आपल्या हाताने शिजवायचं आणि तेवढंच खायचं: भात आणि तूप. मीठ नाही. थंडी सोसली, जमिनीवरची झोप सोसली, पण तो अळणी घास तोंडात फिरत राहायचा आणि गिळवायचा नाही. बाप गेला म्हणजे काय, ते पहिल्यांदा त्याच्या जिभेला कळलं होतं.

सोमवारी त्याने वितळायला काढलेली कोंबडी गुपचूप परत फ्रीजरमध्ये टाकली आणि डाळ-भात केला. मंगळवारी कांदा-लसूणही गेला.

"काय हे दाई? मठात राहतोय की काय आपण?" ऋषी ताटाकडे बघत म्हणाला.

"पोट बिघडलंय माझं."

"तुझं पोट बिघडलं म्हणून माझ्या डाळीतला लसूण का पळाला?"

"खा गुमान. परीक्षेच्या आठवड्यात हलकं खावं."

ऋषी हसला आणि खाल्लं त्याने. भला पोरगा होता, अन्नाला नावं ठेवायचा ती फक्त तोंडाने. जेवल्यावर त्याने घरी फोन लावला. बुबा शेतकरी गटाबरोबर पाल्पाला गेलेत, तिकडे फोन लागत नाही, असं गोमा दिदीने सांगितलं. म्हातारा माणूस पहिल्यांदाच कुठे फिरायला गेला म्हणून ऋषी खूश झाला. "परत आले की बघतील, व्हिडिओ करून पाठवतो," म्हणत त्याने आपला फोन टंकच्या हातात दिला. "धर जरा. सरळ धर, मागच्या वेळी नुसती हनुवटी आली होती."

टंकने धरला. पडद्याच्या चौकटीत ऋषी केस नीट करत होता. "बुबा, दर्शन! शुक्रवारी पेपर आहे. या वेळी झाला नाही तर तुमच्याबरोबर म्हशी राखायला येतो. टंकदाई मला उपाशी मारतोय, तेवढं त्याला रागवा. आणि गुडघ्याला तेल लावत जा." मग तो थांबला. "आणखी काय बोलू?"

"बोल ना," टंक म्हणाला. "जरा हस. हात हलव."

ऋषीने हसून हात हलवला. टंकने बटण दाबलं, फोन परत दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. स्वतःची इतकी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

बुधवारी ऋषी विद्यापीठातच तळलेली कोंबडी खाऊन आला आणि हाडं कशी कुरकुरीत होती ते रंगवून सांगत बसला. टंकने ऐकून घेतलं. आता दोनच दिवस.

गुरुवारी संध्याकाळी याम आली. याम गुरुंग नर्सिंग शिकायची, दोन चौक पलीकडे राहायची आणि दार वाजवायच्या आधी बोलायला लागायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी भावाला ताकद हवी म्हणून तिने बोकडाचं मटण करून आणलं होतं, तिरफळासारखं तिमूर घालून, पातेलं टॉवेलात गुंडाळून. टंकने तिला गाडीपाशीच गाठलं. आता हे मटण ताटात पडणार आणि तेही आपल्यासमोर, हे त्याला सहन होईना. त्याने सांगून टाकलं.

याम पातेलं छातीशी धरून रडली. तिला ऋषीचे बुबा फोनवरून ठाऊक होते. "गुरुंगची पोरगी, माझ्या पोराला दारू शिकवू नकोस हं," म्हणायचे ते तिला. मग नाक पुसून तिने टंकवरच तोंड टाकलं.

"आणि तू चार दिवस त्याला गवत घालतोयस? लपवायचं तर धड लपव, दाई. सांगायचं तर सांगून टाक. हे अर्धवट कशाला?"

"माझ्या हाताने मांस वाढलं जात नाही गं."

"तुझ्या हाताचं कौतुक राहू दे. उद्या एक वाजेपर्यंत त्याला काही कळता कामा नये. मटण राहिलं गाडीत. मी सांगते करपलं म्हणून. तू नेहमीसारखं वाढ."

टंक आत येऊन नेहमीसारखं करायला लागला. भात झाला. डाळ उतू जाऊन आटली होती, ती तशीच चुलीवर राहिली. बटाटे उकडले. ऋषी खुर्चीवर पाय हलवत यामची थट्टा करत होता, "मटण करपलं? इंजेक्शन देताना पण लक्ष असंच असतं का?" आणि याम हसत होती, फार मोठ्याने हसत होती. टंकने भातावर तूप सोडलं, बटाटे कुस्करले. मिठाची बरणी हाताशीच होती. त्याने चिमूट उचलली, आणि ती बोटं बटाट्यांवर गेलीच नाहीत. त्याने मीठ परत बरणीत टाकलं. का, ते त्याला धड सांगता आलं नसतं. बापाच्या मरणाच्या पाचव्या दिवशी पोराच्या पोटात एक तरी अळणी घास जाऊ दे, विसरलो म्हणून सांगू, एवढंच त्याच्या मनात आलं. वेडेपणा होता. भक्तीच्या नावाखाली त्याला स्वतःची सुटका हवी होती, हे कबूल करायला त्याला पुढे बराच काळ लागला.

ऋषीने पहिला घास घेतला. चावला. "दाई, मीठ राहिलं." आणि त्याने बरणीकडे हात केला.

टंकने बरणी आधी उचलली. विचार केला नाही, उचलली गेली. ऋषीचा हात टेबलावर तसाच उघडा राहिला.

याम हसायची थांबली. ऋषीने टंककडे बघितलं, मग यामकडे. तिचे डोळे सुजलेले होते. मग त्याने आपल्या ताटाकडे बघितलं. पांढरा भात, तूप, बिनकांद्याचे बटाटे. बाहुनाच्या, ब्राह्मणाच्या घरचा मुलगा होता, ते ताट त्याने काकाच्या वेळी बघितलं होतं, आजोबांच्या वेळी बघितलं होतं. तोंडातला घास त्याने कसाबसा गिळला.

त्यांच्याकडे आई गेली तर मुलगा वर्षभर दूध सोडतो, बाप गेला तर दही.

"दूध सोडू की दही?" ऋषीने विचारलं.

याम म्हणाली, "ऋषी, ऐक..."

"दाईला विचारतोय मी."

"दही," टंक म्हणाला.

"कधी?"

"रविवारी. पहाटे."

ऋषी बोटांवर मोजायला लागला. रविवार, सोमवार. मंगळवारच्या बोटावर त्याचा अंगठा थांबला. "मंगळवारी फोन तू धरला होतास." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हस म्हणालास. हात हलव म्हणालास."

याम उठून ऋषीला धरायला गेली, तसा तो खुर्ची सरकवून मागे झाला. "शिवू नकोस मला."

अर्ध्या तासाने तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं, दोन ठिकाणी कापलेलं, आणि अंगाभोवती पलंगावरची पांढरी चादर होती. याम दाराशी हात जोडून उभी होती.

"उद्या चार तास जाऊन ये. अशीच चादर घालून जा, इथे कोण विचारतंय? मी गाडीत बसवते, शिवत नाही. मग तेरा दिवस बस. बुबांनाही हेच हवं असतं."

"बुबांना काय हवं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मला बुबा गेल्याचं ठाऊक नव्हतं." तो खाली फरशीवर बसला. "मी काय खायचं, काय ऐकायचं, कधी रडायचं, ते पाच दिवस तुम्ही ठरवलंत. उद्याचं मी ठरवतो. बापाला अग्नी देता आला नाही, निदान बसू तरी द्या मला."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दोन मैलांवरच्या एका खोलीत ऋषिराम पौडेलच्या नावाची प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवली गेली असेल. ऋषिराम पौडेल तेव्हा स्वयंपाकघराची फरशी पुसत होता. साडेनऊला टंकने दारातून सांगून बघितलं की प्राध्यापकांना पत्र लिहू, तारीख बदलून मागू, घरात मृत्यू झालाय हे कुणीही समजून घेईल. ऋषीने मान वळवली नाही. टंक तरीही पत्र लिहायला बसला. लगेच उत्तर आलं. फार वाईट वाटलं असं दोन ओळींत लिहिलं होतं, आणि तिसऱ्या ओळीत, असा अर्ज परीक्षा सुरू होण्याआधी यायला हवा होता. रविवारी पाठवला असता तर चाललं असतं. रविवारी, सोमवारी, गुरुवारी रात्रीसुद्धा. पाच दिवसांत हे टंकला सुचलं नव्हतं, गोमा दिदीला सुचलं नव्हतं, कुणालाच सुचलं नव्हतं. लपवायच्या नादात विचारायचं राहून गेलं होतं.

बाराच्या पुढे ऋषीने भात लावला. पाणी कमी झालं होतं, ते टंकला बाहेरून वासावरून कळत होतं, पण त्या चुलीला आता दुसऱ्या कुणाचा हात लागून चालणार नव्हता. अर्धकच्चा, खाली लागलेला भात ऋषीने ताटात काढला, एक गोळा बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. या जेवणात माणसाचा आवाज कानी आला की घास टाकून उठायचं असतं, म्हणून टंक श्वाससुद्धा बेताने घेत होता.

एक वाजता त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो अनवाणीच बाहेर धावला, दार हळू ओढलं आणि बर्फासारख्या सिमेंटवर उभा राहून फोन कानाला लावला.

"सुटला का पेपर?" गोमा दिदीने विचारलं. तिकडे मध्यरात्र उलटली होती, ती जागीच होती. "कसा गेला? जेवला का? आधी जेवू दे त्याला, मग सांगते मी."

टंकने सांगितलं. सगळं, बरणीपर्यंत. मग रविवारपासून न रडलेली ती बाई रडायला लागली.

"एक चिमूट मीठ," ती म्हणाली. "एवढं घालायला काय झालं होतं रे तुला?"

आत ताट सरकवल्याचा आवाज आला. टंकने दाराच्या काचेतून बघितलं. ऋषी अर्ध्या ताटावरून उठला होता.