पदरचे आठ दिवस

"मशीन बंद कर आधी," सिस्टर म्हणाल्या. "मी बाळाचे ठोके ऐकू की तुझ्या सुईचे?"

तिने पायडलवरचा पाय उचलला, अर्धी शिवलेली बाही तशीच सुईखाली राहू दिली आणि टेबलाच्या आधाराने कॉटवर जाऊन आडवी झाली. आडवं होणं हेही आता एक कामच होऊन बसलं होतं. सिस्टरनी हात चोळून उबदार केले, लाकडी नळी पोटावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर ठेवली. खोलीत सगळे गप्प झाले. सगळे म्हणजे दारात उभा असलेला नवरा आणि खिडकीजवळच्या खुर्चीतल्या सासूबाई. मोठी मुलगी शाळेत गेली होती, नाहीतर एवढी शांतता शक्यच नव्हती.

"एकशे चाळीस," सिस्टर सरळ होत म्हणाल्या. "घोडा आहे नुसता."

"मग हे घोडं पेंड कुठे खातंय?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा बसचा ड्रायव्हर. त्याच्या अंगात वेळापत्रक भिनलेलं. "माझी बस दोन मिनिटं उशिरा सुटली तरी डेपोत लेखी उत्तर द्यावं लागतं. या पोराला विचारणारं कोणी नाही."

"तू बारा दिवस उशिरा आलास," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही मला."

सिस्टर हसल्या आणि कार्डावर आकडा लिहिला. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सदा घाईत असलेल्या या बाई गेली पंचवीस वर्षं त्या भागात घरोघर बाळंतपणं करत होत्या. ज्यांचं सगळं सुरळीत आहे त्यांचीच, आणि तीही नियमात बसतील तेवढीच. "आज एकेचाळीस आठवडे पाच दिवस," त्या म्हणाल्या. "परवा बेचाळीस भरतात. तोवर कळा आल्या तर तू, मी आणि ही खोली. नाही आल्या तर परवा सकाळी हॉस्पिटल. मग माझ्यापाशी रडायचं नाही. बाळाची हालचाल कशी आहे?"

"नेहमीसारखी," ती म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली, की तिला स्वतःलाही ते खरं वाटलं.

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, मधल्या खोलीत कॉट. शिवण्यात तिचा हात बरा होता, पण नाव झालं होतं ते वेळेसाठी. शिवणाऱ्यांच्या तारखा म्हणजे पाण्यावरच्या रेघा, हे कोणाला सांगायला नको. हिची तारीख मात्र कधी टळली नव्हती. त्यातली गोम तिला एकटीलाच ठाऊक होती. तीन दिवसांचं काम असलं की ती सात दिवस सांगायची. पदरचे चार दिवस घालायचे, तिसऱ्या दिवशी कपडा शिवून दाराआड टांगून ठेवायचा आणि सातव्या दिवशी गिऱ्हाईक आलं की गरम इस्त्री फिरवून हातात द्यायचा. गिऱ्हाईक खूश, तीही निवांत. यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी सिस्टरनी पहिल्यांदा कार्ड काढलं आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तेव्हा तिने असंच केलं. दहा तारीख होती. तिने अठरा सांगितली. तोंडातून आपसूक गेली, असं ती पुढे स्वतःला समजावत राहिली. पण आपसूक वगैरे काही नव्हतं. मोठीच्या वेळी तारीख उलटून दुसराच दिवस होता, तर हॉस्पिटलने ठेवून घेतलं होतं. हाताला सलाईन, दीड दिवस पाठीवर पडून. नवरा फाटकाबाहेर. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला खाट नंबर अकरा म्हणायचा. मूल झालं, लांबून दाखवलं आणि तपासायला म्हणून नेलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आलं. चूक तशी कोणाचीच नव्हती. आई सुखरूप, मूल सुखरूप. मग तक्रार करायची तरी कोणाकडे आणि कशाची? तिने केली नाही. पण दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, की हे मूल आपल्या खोलीत, आपल्या कॉटवर, आपल्या माणसांत होईल. त्यासाठी आठ दिवस हाताशी असलेले बरे.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीच्या कागदावर थोडी वेगळी तारीख आली. तेव्हाच ते उघडं पडायचं. पण सिस्टर म्हणाल्या, "एवढ्या महिन्यांनी मशीनसुद्धा आठवडाभर इकडेतिकडे होतं. बाईला आपली तारीख माहीत असते. मी तुझीच धरते." तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. लाज नंतर वाटली, आणि तीही हल्लीच.

सिस्टर गेल्या. नवरा डबा घेऊन डेपोत गेला. जाताना दारातून परत आला, तिच्या पोटाकडे बघून "साहेब, गाडी काढा आता," म्हणाला आणि गेला. ती पुन्हा मशीनवर बसली.

सिस्टरनी तिला लाथा मोजायला शिकवलं होतं. तिने त्याची स्वतःची पद्धत केली होती. बाळ हललं की एक टाचणी मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीत डाव्या बाजूला खोचायची. दहा टाचण्या झाल्या की त्या दिवसाची काळजी मिटली. एरवी सकाळचा चहा आणि दहाची वेळ यांच्यामध्ये कधीतरी दहा पुऱ्या व्हायच्या. आज साडेदहा वाजले होते आणि टाचण्या चार होत्या. सकाळी सिस्टरनी विचारलं तेव्हा दोन होत्या.

ती गार पाणी प्यायली. डाव्या कुशीवर पडून पाहिलं. पोटावर हळूच टिचकी मारली. आत कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसं काहीतरी झालं. ही पाचवी धरायची का, हे तिला ठरवता येईना. टाचणी तिने बोटांत तशीच धरून ठेवली.

दारावर थाप पडली. शाळेतले निवृत्त घंटेवाले काका कोट न्यायला आले होते. तिने दाराआडचा कोट काढला. तो चार दिवसांपासून तिथेच होता. इस्त्री फिरवली आणि त्यांना चढवायला दिला. काकांनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"घरात म्हणत होते, फोन करून विचारा झालाय का," काका म्हणाले. "मी म्हटलं, गरज नाही. बाईंनी गुरुवार म्हटलं म्हणजे गुरुवार. चाळीस वर्षं घंटा वाजवली मी. वेळेचं माणूस मला कळतं."

ती हसली. हसताना तिला स्वतःचाच चेहरा आरशात, काकांच्या खांद्यामागे दिसला आणि तिने तो लगेच वळवला.

"आणि तुमचं काय, बाई? किती दिवस राहिले?"

"होईल," ती म्हणाली.

काका गेले. ती रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. कोट चार दिवस जास्त टांगून ठेवला तर कोटाचं काही जात नाही. कोट श्वास घेत नाही. ही एवढी साधी गोष्ट आपल्याला सात महिने कशी सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं आणि मग एकदम भीती वाटली. तिने फोन उचलला.

"सिस्टर, परत येता का?"

"कळा?"

"नाही. सांगायचंय काहीतरी."

"आले," सिस्टर म्हणाल्या.

वीस मिनिटांत त्या दारात होत्या. सासूबाईही आतून पदराला हात पुसत आल्या. तिने दोघींसमोर, उभ्यानेच सांगून टाकलं. बसली असती तर धीर सुटला असता.

"अठरा तारीख नव्हती. दहा होती. मी आठ दिवस पुढची सांगितली. आणि आज बाळ कमी हलतंय. सकाळीही कमीच हलत होतं."

सिस्टरनी तिला कॉटवर निजवलं आणि नळी लावली. या वेळी त्यांनी एक मिनिट ऐकलं नाही, पुरी पाच मिनिटं ऐकलं. सासूबाईंनी भिंतीला हात टेकला होता.

"ठोके आहेत. बरे आहेत," सिस्टर म्हणाल्या. मग बोटांवर मोजलं. "म्हणजे आज बेचाळीस आठवडे सहा दिवस."

"रागवा ना," ती म्हणाली.

"रागावून काय करू?" सिस्टर नळी पुसत होत्या, पुसून झाली तरी पुसत होत्या. "हॉस्पिटलात यंत्रं असतात. माझ्या पिशवीत काय आहे? ही नळी, माझे दोन कान आणि तू सांगशील ते. माझं अर्धं सामान म्हणजे तुझं बोलणं. त्याच्यावर गेले आठ दिवस मी शांत झोपले गं."

तिला रडू आलं. सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तसा हात झटकलाही नाही. "चप्पल घाल," म्हणाल्या. "गाडी बोलावते."

"तिला आता बोलू नका हो," सासूबाई पुटपुटल्या.

"बोलत नाहीये मी, आजी. झालं ते सांगतेय. तुम्ही मुलाला डेपोत निरोप द्या आणि नातीला शाळेतून आणा."

निघताना तिने कॉटकडे एकदा पाहिलं. जुन्या धुतलेल्या चादरी, घड्या करून रचलेल्या. आठ दिवस ती रोज त्यांवरून हात फिरवत होती. मग तिने पाहणं सोडलं.

हॉस्पिटलच्या टेबलामागे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने कार्ड पाहिलं, सिस्टरनी गाडीत लिहिलेली चिठ्ठी पाहिली. "इथे एकेचाळीस पाच लिहिलंय, आणि चिठ्ठीत बेचाळीस सहा. नक्की काय धरू?"

"बेचाळीस सहा," सिस्टर म्हणाल्या. "कार्डावर माझ्याकडून चुकून पडलं. लिहिण्यात चूक."

डॉक्टरीणबाईने मान वर केली. पंचवीस वर्षं काम केलेल्या नर्सने आठ दिवसांची चूक करावी, याचं जे नवल तिच्या चेहऱ्यावर आलं ते तिने लपवलं नाही.

"यांची चूक नाही," टेलरबाई म्हणाली. आवाज इतका मोठा झाला की बाकावरची माणसं वळली. "यांनी मी सांगितलं तेच लिहिलं. मी खोटं सांगितलं. दहा तारीख होती. तसंच लिहा, मी खोटं सांगितलं म्हणून."

"तेवढं लिहायला जागा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता. तिने तारीख दुरुस्त केली. "चला आत."

सिस्टर दारापाशी थांबल्या. बाहेरच्या नर्सला आत जायची परवानगी नव्हती. "मी इथे बाकावर आहे," त्या म्हणाल्या आणि खरोखरच बाकावर जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन, इतर नातेवाइकांच्या रांगेत.

आत पुन्हा तेच होतं, हाताला सलाईन, वर पांढरं छत, अनोळखी हात. कोणीतरी तिला खाट नंबर चार म्हणालं. तिने आपलं नाव सांगितलं आणि ते त्यांनी घेतलंही. या वेळी नवऱ्याला आत सोडलं. तो खाकी कपड्यांतच धापा टाकत आला आणि तिचा हात स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. पाणी फोडलं तेव्हा ते हिरवट निघालं; बाळाने आतच शी केली होती. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "आज आलात ते बरं केलंत." नवऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. तिला कळलं.

मुलगी झाली. रडायला तिने थोडा वेळ घेतला. तो किती होता, हे तिच्या आईला कधीच सांगता येणार नाही. मग रडली, आणि काही तपासायच्या आधी तिला आईच्या छातीवर ठेवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले. बाळंतपणानंतर सिस्टर रोज घरी येऊन बघून जात, पण ज्यांची बाळंतपणं त्यांनी स्वतः केलेली असत त्यांच्याकडेच. त्यामुळे चौथ्या दिवशी सकाळपासून ती दाराकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. दहा वाजता सिस्टर आल्या. हात धुतले, चोळून उबदार केले, बाळाला उघडं करून पाहिलं. कातडी पायांवर सुटत होती, नखं बोटांच्या पुढे आली होती.

"बघा, नखं वाढवून आलीय," सासूबाई म्हणाल्या. "बापासारखी. उशीर तर उशीर, वर थाट."

सिस्टर हसल्या. बाळाला गुंडाळून त्यांनी आईकडे दिलं आणि पिशवीच्या तळातून एक जाड वही काढली. ती वही तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती. पानापानांवर रकाने होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, प्रसूती कोणी केली त्या रकान्यात, सिस्टरची तीच ती आखूड सही, वरपासून खालपर्यंत.

"यात माझी सगळी मुलं आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी नवी ओळ घेतली. मुलगी. वजन. मग पेन थांबलं. "किती वाजता झाली?"

"सहा वाजून..." नवरा लगबगीने फाईल उघडू लागला. "कागदावर आहे, थांबा, मिनिटासकट आहे."

"कागद राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "तिला विचारलंय मी."

काहीतरी आकडा सांगून टाकणं सोपं होतं.

"घड्याळ दिसत नव्हतं मला," ती शेवटी म्हणाली. "खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि दिवे अजून लावले नव्हते. एवढंच माहीत आहे."

सिस्टरनी मान डोलावली आणि तसंच लिहू लागल्या, शब्दाला शब्द. आकड्यांसाठी आखलेला रकाना तेवढ्याला पुरेना. अक्षरं बारीक केली तरी वाक्य रेघ ओलांडून पुढच्या रकान्यात गेलं, जिथे त्यांची सही असायची. त्यांनी हात न थांबवता ते तिथे पुरं केलं आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.