सड्यावरचं औषध

आमच्या सासूबाई फोनवर तार केल्यासारखं बोलतात. त्या दुपारी मी तळेऱ्याच्या आमच्या दुकानात होते, तेव्हा त्यांचा फोन आला. "प्राजक्ता, शिवान औषध घेतल्यान. आता निजलो आसा." एवढं बोलून फोन बंद. परत लावला तर उचलेनात.

शिवा माझा नवरा. आमची आंब्याची कलमं आहेत, आणि कलमांवर फवारतात त्या विषालाही आम्ही औषधच म्हणतो. बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारांच्या खोपीत, त्याच्या बाटल्या असतात. आमच्याकडे घरच्या माणसाने औषध घेतलं म्हटलं की कसलं म्हणून कोणी विचारत नाही, गाडी बघायला धावतात. त्यात शिवा मुतखड्याने दिवाळीपासून तळमळत होता. परवाच म्हणाला होता, "हेच्यापरास मेलेलो बरो."

दुकान तसंच उघडं टाकून मी स्कूटर काढली. मला भीती वाटली की राग येतो. शिवावर चिडले, सासूबाईंवर चिडले, वाटेत आडव्या उभ्या म्हशीला तर नाही नाही ते बोलले. मनात एकच होतं, तो जिवंत असू दे.

शिवा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी रिकामी वाटी. मी त्याला इतक्या जोरात हलवलं की तो दचकून उठून बसला.

"काय घेतलस रे?"

सासूबाई आतून आल्या. हातात एक जुडी होती, पांढरट, कापूस लागल्यासारख्या पानांची. "कपूरमाधुरी गो. सड्यार, वयल्या कातळाच्या माळार गावता. सगळा सुकला तरी ह्या जगता. काढो करून दिलंय तेका, मुतखड्यार बरो."

मी तिथेच बसकण मारली आणि काय समजले होते ते सांगितलं. सासूबाई पोट धरून हसल्या. मला हसू आलं, रडूही आलं. शिवा हसला नाही.

सासूबाई चुलीकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तू चुकूक नाय. काल मांगरात फवारणीची बाटली उघडललंय. आयेन सड्यार चल म्हणान हाक मारल्यान, म्हणान थांबलंय."

मी चुलीकडे बघितलं, सासूबाईंची पाठ होती.

"मांगराची चावी खंय आसा?" मी हळूच विचारलं.

कनवटीची चावी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.