सातवा गडी

"सहा," डेटलेफ क्राल म्हणाला. "गोलकीपर धरून सहा."

"परत एकदा मोज," सिगमार नोआक म्हणाला.

"सहा माणसं परत काय मोजायची? मेंढरं आहेत का ती, मोजताना इकडची तिकडे व्हायला?"

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर सहा जण बुटांच्या नाड्या बांधून बसले होते. क्लबचा अध्यक्ष डेटलेफ दारात उभा राहून फोनवर फोन लावत होता. दोघे गोदामात रविवारच्या पाळीला अडकले होते, एकाचा घोटा सुजला होता, एकाने गेल्याच आठवड्यात स्टुटगार्टला नोकरी धरली होती आणि एक जण फोनच उचलत नव्हता. हाझेलविट्झमध्ये पंचविशीचा माणूस शोधायचा म्हणजे टकल्याच्या डोक्यावर भांग शोधायचा. काचकारखाना बंद झाल्यापासून गावातली मुलं पश्चिमेकडे जात ती नाताळला तेवढी दिसत.

सामन्याला निदान सात गडी लागतात. ऑगस्टमध्ये सात जमले नव्हते, ऑक्टोबरमध्येही नव्हते. तिसऱ्यांदा जमले नाहीत की संघाचं नाव यादीतून खोडायचं, असा नियम होता, आणि क्लबकडे दुसरा संघ उरलाच नव्हता. १९२१ साली काचकामगारांनी गुरांच्या कुरणावर सुरू केलेला क्लब २००४ च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, दुपारी सव्वादोनला संपायचा होता.

सिगमार खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. सकाळी त्याने नेहमीसारखी मैदानावर फक्की मारली होती. फक्कीच्या रेषेवर कुणी पाय दिला की त्याचं डोकं फिरे, हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं. त्याचं वय एकोणसाठ. कारखान्यात तो काचेवर पैलू पाडायचा. कारखाना गेल्यावर बारा वर्षं गवत कापणं, रेषा मारणं, झेंडे रोवणं, जर्सी धुवायला घरी नेणं हेच त्याचं काम झालं. त्याबद्दल क्लबने त्याला काहीच दिलं नाही असं म्हणता यायचं नाही. दर नाताळला एक सॉसेज मिळे आणि वर टाळ्या.

तो दमला होता. आज सकाळी नाश्त्याच्या वेळी त्याची बायको मारलीस मुलीशी फोनवर बोलत होती. "आज बहुतेक उरकेल गं," असं म्हणाली ती. मुलगी क्रिस्टिन बव्हेरियात परिचारिका होती, तिला दोन लहान मुलं होती आणि तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आईवडिलांची वाट बघत गेली तीन वर्षं रिकाम्या होत्या. क्लब बंद झाला की येऊ, असं सिगमारनेच कबूल केलं होतं. मारलीसचे शब्द ऐकून त्याला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं होतं.

पंच बाई आत आल्या. चष्मा लावलेल्या, शाळेत शिकवत असाव्यात अशा. "क्रालसाहेब, मी सव्वादोनपर्यंत थांबेन. सात झाले तर खेळू. पण एक लक्षात ठेवा, मधेच साताचे सहा झाले, तर मला खेळ थांबवून संघ उभा राहिला नाही असंच लिहावं लागेल."

"समजलं," डेटलेफ म्हणाला आणि टोपी काढून बाकावर बसला. सिगमारकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. गप्प राहायला तो मोकळा होता, एकाही माणसाने त्याला नाव ठेवलं नसतं. तरी आपल्याकडे कुणी पाहिलं नाही, हे त्याला कुठेतरी लागलं.

खेळाडूंच्या ओळखपत्रांचा पत्र्याचा डबा त्याच्याच ताब्यात असे. त्याने तो उघडला आणि तळाशी बोट घालून एक कार्ड काढलं. १९९१ चं होतं. पूर्व जर्मनी पश्चिमेत मिसळून देश बदलला तेव्हा सगळ्यांचे कागद नव्याने झाले, त्यात त्याचंही झालं होतं. दर उन्हाळ्यात खेळाडूंची यादी पाठवताना तो गेलेल्यांची नावं कमी करी. स्वतःचं मात्र त्याने कधीच कमी केलं नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

पंच बाईंनी कार्डावरचा फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही?"

"मिशी माझीच आहे," तो म्हणाला. "बाकीचं तेरा वर्षांनी नेलं."

दोन नंबरची जर्सी पोटावर ताणून तो मैदानात आला तेव्हा कठड्याशी अकरा प्रेक्षक होते. त्यांत म्हातारा कुबिट्झ होता. भट्टीवर काच फुंकून फुंकून त्याची छाती गेली होती, पण जीभ शाबूत होती.

"सिगमार, आपला गोल तो डावीकडचा," तो ओरडला. "तिकडे मारू नकोस. तुझा भरवसा नाही."

लोक हसले. तीस वर्षं हसत आले होते. १९७४ साली पहिल्या वर्गातला संघ चषकाच्या सामन्यासाठी हाझेलविट्झला आला होता. कारखान्याने पाळी बंद ठेवली, तीन हजार माणूस लोटलं, पोरं झाडांवर चढून बसली. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली तरी एक-एक अशी बरोबरी होती. मग उजवीकडून आलेला चेंडू परतवायला सिगमारने उडी मारली, आणि चेंडू त्याच्या डोक्याला लागून आपल्याच गोलात गेला. तेवढी गर्दी त्या मैदानावर पुन्हा कधी झाली नाही. चांगला बचावपटू होता तो, चौदा वर्षं खेळला, पण गावाने त्याच्या नावावर मांडून ठेवली ती तेवढी एक उडी.

पाहुण्या लिंडेनरोडे गावचे अकरा आणि हाझेलविट्झचे सात, असा खेळ सुरू झाला. त्याला खेळ म्हणायचं ते तोंडदेखलं. चौथ्या मिनिटाला पहिला गोल झाला. त्यांचा डावीकडचा पोरगा दर वेळी सिगमारच्या बाजूने सुसाट निघून जाई, आणि सिगमार वळेपर्यंत मागे जाळं हललेलं असे.

"आजोबा, बसा ना जरा," तो पोरगा एकदा जाता जाता म्हणाला.

"बसलो तर उठवायला तूच येशील का?" सिगमार म्हणाला.

मध्यंतराला शून्य-नऊ झाले होते. सिगमार लंगडत कठड्याशी आला, तर तिथे थर्मास घेऊन मारलीस उभी होती. संपलं असेल, त्याला घरी न्यावं, म्हणून ती आली होती. तिने त्याच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"हे काय?"

"सातवा कमी पडत होता."

"तू मला शब्द दिला होतास, सिगमार."

"क्लब बंद झाला की, असं म्हटलं होतं मी."

"आणि बंद होऊ कोण देत नाहीये?"

त्याने कॉफीचा घोट घेतला. तिचा राग खरा होता आणि तो तिला शोभतही होता. तीन वर्षं नातवंडं फोनवरच मोठी होत होती.

"मलाही कंटाळा आलाय गं," तो म्हणाला. "आज सकाळपासून वाटत होतं, नाही जमले सात तर बरंच."

"मग?"

"माझ्या हातून नको. एकदा झालं माझ्या हातून, तीन हजार माणसांपुढे. पुन्हा नको."

मारलीसने कप परत घेतला, झाकण लावलं. ती घरी गेली नाही.

उत्तरार्धात गोल होतच राहिले. अडुसष्टाव्या मिनिटाला वळताना सिगमारच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन झालं आणि तो गवतावर बसला. गोलकीपर धावत आला.

"उचलून बाहेर नेऊ का?"

"बाहेर नको. नुसतं उभं कर."

त्याला कडेच्या रेषेच्या आत उभं करून गोलकीपर परत गेला. सिगमार एका पायावर उभा राहिला. चेंडू आला तरी आता तो हलू शकत नव्हता. डावीकडच्या पोराने ते पाहिलं आणि तो या बाजूने यायचाच थांबला. ही कीव होती. एवढ्या गोलांनी वाटली नव्हती तेवढी शरम सिगमारला तिने वाटली.

रेषा त्याच्यापासून दोन पावलांवर होती, त्यानेच सकाळी मारलेली. पलीकडे कठडा, आणि कठड्याशी त्याचा कोट हातावर घेऊन मारलीस. दोन पावलं टाकली की सहा उरले असते आणि शिटी वाजली असती. मग कोट, घर, आणि आठवड्याभरात बव्हेरिया. गुडघा आतून ठणकत होता. त्याला रडू येईल असं वाटलं.

"किती राहिली?" त्याने विचारलं.

मारलीसने घड्याळ पाहिलं. थोडं जास्त सांगितलं असतं तर तो निघून आला असता, हे दोघांनाही कळत होतं.

"एकोणीस," ती म्हणाली. "डाव्या पायावर भार दे."

त्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी ती आकडा सांगत राहिली. सतरा. चौदा. अकरा. कुबिट्झसुद्धा गप्प झाला होता. शेवटची शिटी वाजली तेव्हा शून्य-सोळा झाले होते, आणि हाझेलविट्झचे सात गडी मैदानात उभे होते.

पंच बाईंनी कागदावर सही केली. दोघांनी सिगमारला बाकावर आणून बसवलं. डेटलेफ टोपी हातात घेऊन त्याच्यासमोर आला.

"पुढच्या रविवारी..." तो म्हणाला आणि सुजलेला गुडघा पाहून थांबला. गोदामातली पाळी पुढच्या रविवारीही होती.

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी," सिगमार म्हणाला. एवढ्या सगळ्यातून क्लबला एक आठवडा मिळाला होता, हे दोघांनाही कळलं होतं.

मारलीस जर्सींची पिशवी घेऊन आली. "सातच आहेत," ती म्हणाली. "मशीन अर्धंच भरेल." मग तिने विचारलं, "झेंडे काढायचे असतात ना?"

"मी काढतो."

"बस तू. क्रिस्टिनला सांगते, अजून आठवडाभर थांब म्हणून."

लोक पांगले होते. तो बाकावर बसून बघत राहिला. मारलीस एकेका कोपऱ्याशी जाऊन झेंडा उपटत होती, खांद्यावर टाकत होती. फक्की आता जागोजागी तुडवली गेली होती आणि सामनाही संपला होता. तरी दर कोपऱ्याशी ती थांबे, स्कर्ट जरा वर धरी, आणि रेषेवर पाय न देता ओलांडून पलीकडे जाई.